जावा प्रोग्रॅममधील संकलन-दोष आणि त्यांचे निवारण

एका फाईलमध्ये मावणारा लहानसा प्रोग्रॅम विद्यार्थी दोन-चार प्रयत्नांत बिनचूक करतो. तोच प्रोग्रॅम वाढून चार-पाच फाईलींत विभागला गेला, म्हणजे मात्र संगणकाच्या पडद्यावर एकदम वीस-पंचवीस दोषांची यादी उमटते. प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे वाचली तर तीत काही चुकले आहे असे दिसत नाही, आणि तरीही संकलन होत नाही. अशा वेळी सर्व लिखाण पुसून पुन्हा आरंभ करण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो. हा मार्ग बहुधा अनावश्यक असतो. वीस दोषांच्या यादीमागे मूळ कारण पुष्कळदा एकच असते, आणि संगणक ज्या ओळीकडे बोट दाखवितो त्या ओळीत ते नसून दुसऱ्याच फाईलमध्ये असते. ते कसे शोधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जावा ही भाषा अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जाहीर केली. जेम्स गॉस्लिंग हे तिचे प्रमुख रचनाकार होत. २०१० साली ही कंपनी ओरॅकलने ताब्यात घेतली. भाषेची साधने ओपनजेडीके या नावाने विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्याकडे आय.सी.एस.ई. व आय.एस.सी. या परीक्षांच्या संगणक विषयात, तसेच अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत ही भाषा शिकविली जाते. त्यामुळे येथे वर्णिलेली अडचण शिक्षकांच्या नित्य परिचयाची आहे.

संकलक, म्हणजे ज्याला सर्वजण कंपायलर म्हणतात तो, मनुष्याने लिहिलेला मजकूर वाचून त्याचे यंत्राला उपयोगी पडेल असे रूपांतर करतो. जावाच्या संकलकाचे नाव जावासी असे आहे. मूळ फाईलचे नाव जावा या शेपटाने संपते, तर रूपांतरित फाईलचे नाव क्लास या शेपटाने संपते. क्लास याचा अर्थ येथे शाळेतील वर्ग नव्हे. एका प्रकारच्या वस्तूचा साचा, असा त्याचा अर्थ घ्यावयाचा.

विवेचनाच्या सोयीसाठी एका शाळेच्या निकालाचा प्रोग्रॅम डोळ्यांपुढे ठेवू. त्यात चार फाईली आहेत. विद्यार्थी या फाईलमध्ये नाव व हजेरी-क्रमांक, गुणपत्रक या फाईलमध्ये गुणांची बेरीज आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविण्याची रीत, निकष या फाईलमध्ये उत्तीर्णतेची किमान मर्यादा, आणि मुख्य या फाईलमध्ये प्रोग्रॅमचा आरंभ. ही नावे येथे देवनागरीत दिली आहेत. शाळांतून ती बहुधा रोमन लिपीत लिहिली जातात; परंतु जावाला देवनागरी नावेही चालतात, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

नाव आणि जागा

जुन्या सी भाषेत एका फाईलमधील कृती दुसऱ्या फाईलमध्ये वापरावयाची असेल, तर तिची जाहीर नोंद वेगळ्या शीर्ष-फाईलमध्ये करावी लागते. मूळ कृती बदलली आणि नोंद बदलावयाची राहिली की घोटाळा होतो. जावाच्या रचनाकारांनी ही दुहेरी नोंद काढून टाकली. गुणपत्रक या फाईलमध्ये विद्यार्थी असा उल्लेख आला की संकलक स्वतःच विद्यार्थी या नावाची फाईल शोधावयास निघतो. मूळ फाईल किंवा तिची रूपांतरित प्रत, यांपैकी जी सापडेल ती उघडून तो आवश्यक माहिती वाचतो. दोन्ही सापडल्या तर सामान्यतः जी नंतर बदललेली असेल ती प्रमाण मानतो.

या सोयीची किंमत अशी की, फाईलचे नाव आणि तिची जागा या दोन गोष्टी जवळजवळ व्याकरणाचाच भाग होऊन बसल्या. सी भाषेत फाईलला कोणतेही नाव दिले तरी बिघडत नाही. जावामध्ये सार्वजनिक म्हणून घोषित केलेला क्लास त्याच नावाच्या फाईलमध्ये असला पाहिजे, आणि असा वरच्या स्तरावरचा सार्वजनिक क्लास एका फाईलमध्ये एकच असू शकतो. फाईलला विद्यार्थी१ असे नाव देऊन आत विद्यार्थी हा सार्वजनिक क्लास लिहिला, तर संकलक तो तत्काळ नाकारतो आणि हा क्लास अमुक नावाच्या फाईलमध्ये असावयास हवा असे स्पष्ट शब्दांत सांगतो. संकलकाच्या संदेशांपैकी हा सर्वांत सरळ संदेश म्हणावा लागेल. बाकीचे इतके सरळ नाहीत.

संदेश कसा वाचावा

संकलकाच्या प्रत्येक संदेशात प्रथम फाईलचे नाव, मग ओळीचा क्रमांक, मग दोषाचे वर्णन येते. त्याखाली ती ओळ जशीच्या तशी छापलेली असते आणि तिच्याखाली एक लहानसे बाणासारखे चिन्ह असते. विद्यार्थी बहुधा वर्णनाचे इंग्रजी शब्द पाहून गोंधळतो आणि फाईलचे नाव वाचावयाचेच विसरतो. आपण मुख्य ही फाईल संकलनास दिली होती, पण दोष गुणपत्रक या फाईलमधील आहे, हे त्याच्या लक्षातच येत नाही. मग तो मुख्य या फाईलमधील त्या क्रमांकाच्या ओळीकडे, जिचा काहीएक अपराध नाही, टक लावून बसतो.

यादी नेहमी वरून वाचावी. पहिला दोष दूर करावा आणि लगेच पुन्हा संकलन करावे. कारण पुढील दोष हे अनेकदा पहिल्याचीच पिलावळ असते. विद्यार्थी हा क्लास सापडला नाही, तर तो जेथे जेथे उल्लेखिला असेल तेथे तेथे तीच तक्रार पुन्हा येते. अठरा ठिकाणी उल्लेख असेल तर अठरा तक्रारी. संकलक एका वेळी साधारणतः शंभर दोषांपर्यंत यादी छापतो. यास्तव यादीच्या लांबीवरून चुकीच्या गांभीर्याचा अंदाज करू नये.

याच्या उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक निराश करणारा असतो. अर्धविराम किंवा कंस गळालेला असेल, तर संकलक वाक्यरचनेच्या पायरीवरच थांबतो. नावांचा अर्थ लावण्याच्या पायरीपर्यंत तो बहुधा जातच नाही. विद्यार्थी गळालेला कंस लिहितो आणि एक दोष दाखविणारी यादी एकदम बारा दोष दाखवू लागते. आपण दुरुस्ती करावयास गेलो आणि बिघाड वाढविला, असे त्याला वाटते व तो लिहिलेला योग्य कंस पुन्हा पुसतो. वास्तविक ते बारा दोष आधीपासून होतेच. संकलक तेथवर पोहोचला नव्हता इतकेच. शिक्षकांनी ही एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवली तर पुष्कळ मनस्ताप टळेल.

गळालेल्या महिरपी कंसाविषयी आणखी थोडे. फाईलच्या मध्यभागी कंस मिटावयाचा राहिला, तर त्याची तक्रार बहुधा फाईलच्या अगदी शेवटच्या ओळीवर येते. वाचता वाचता फाईल संपली, असा त्या संदेशाचा भावार्थ असतो. शेवटच्या ओळीत आणखी एक कंस जोडला की तो संदेश नाहीसा होतो. पण एक मेथड दुसऱ्या मेथडच्या पोटात अडकून पडते आणि नवीच तक्रार सुरू होते. कंस जेथे गळाला तेथेच तो लिहिला पाहिजे. ओळींची मांडणी नीट पायरी-पायरीने केलेली असेल तर ती जागा डोळ्यांनाच दिसते.

‘कॅनॉट फाइंड सिंबॉल’

अनेक फाईलींच्या प्रोग्रॅममध्ये सर्वाधिक आढळणारा संदेश हा. याचा अर्थ, अमुक नाव सापडत नाही. या संदेशाखाली दोन अधिक ओळी असतात. पहिलीत कोणते नाव सापडले नाही आणि ते क्लासचे, मेथडचे की चलाचे, हे सांगितलेले असते. दुसरीत ते कोठे शोधले, हे असते. या दोन ओळी विद्यार्थी क्वचितच वाचतात, आणि निदान मात्र बहुतेक वेळा त्यांतच असते.

पहिल्या ओळीत चल किंवा मेथड असे लिहिले असेल, तर क्लास सापडला आहे. आतील नावात चूक आहे. शुद्धलेखन तपासावे. रोमन लिपीत लिहिताना येथे मराठी विद्यार्थ्याची एक विशेष अडचण असते. देवनागरीत लहान अक्षर व मोठे अक्षर असा भेदच नाही. त्यामुळे रोमन शब्दाचे पहिले अक्षर लहान पडले काय आणि मोठे पडले काय, त्याच्या नजरेला तो शब्द एकच भासतो. जावाच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे शब्द आहेत. स्ट्रिंग हा शब्द लहान अक्षराने लिहिला की त्या नावाचा क्लास सापडत नाही, अशी तक्रार येते. फाईलींच्या नावांनाही हाच नियम लागू आहे. विंडोज प्रणाली फाईलींच्या नावांत हा भेद सामान्यतः मानत नाही, लिनक्स मानते. घरच्या संगणकावर चाललेला प्रोग्रॅम शाळेच्या प्रयोगशाळेत न चालण्याचे हे एक कारण असू शकते.

पहिल्या ओळीत क्लास असे लिहिले असेल, तर ती फाईल संकलकाला दिसतच नाही. ती शेजारीच पडलेली असताना दिसत का नाही, हा प्रश्न येथे उभा राहतो. संकलक सर्व संगणक धुंडाळीत नाही. त्याला ज्या जागा नेमून दिल्या आहेत तेथेच तो पाहतो. या जागांच्या यादीला क्लासपाथ म्हणतात. यादी दिलीच नाही तर तो चालू फोल्डरमध्ये पाहतो, आणि लहान प्रोग्रॅमचे काम त्यावर निभावते. परंतु यादी दिली, की केवळ त्या यादीतील जागाच तो पाहतो. एखादे नवे सॉफ्टवेअर बसविताना संगणकात क्लासपाथ कायमचा नोंदविला जातो आणि त्यात चालू फोल्डरचा समावेश राहून जातो. कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज अचानक चालत नाही, कोणी एक अक्षरही बदललेले नसते. अशा प्रसंगी प्रोग्रॅम न तपासता ती नोंद तपासावी. यादीत चालू फोल्डर दर्शविण्यासाठी केवळ एक टिंब लिहावे लागते. यादीतील जागा एकमेकींपासून वेगळ्या करण्यासाठी विंडोजमध्ये अर्धविराम आणि लिनक्समध्ये अपूर्णविराम वापरतात. पुस्तकातील आज्ञा जशीच्या तशी उतरवून घेणारे येथे हमखास अडतात.

पॅकेज म्हणजे पत्ता

वडगाव नावाची गावे अनेक आहेत. मावळातील वडगाव वेगळे, बेळगावचे वडगाव वेगळे. पत्रावर केवळ वडगाव लिहून भागत नाही. तालुका, जिल्हा लिहावा लागतो. जावामध्ये क्लासच्या नावाआधी जे पॅकेजचे नाव येते त्याचे प्रयोजन हेच आहे. जावाच्या स्वतःच्या संग्रहात डेट या नावाचे दोन क्लास आहेत: एक युटिल या पॅकेजमध्ये, एक एसक्यूएल या पॅकेजमध्ये. लिस्ट या नावाचेही असेच दोन आहेत. दोन्ही पॅकेजे सरसकट आयात केली आणि नुसते लिस्ट असे लिहिले, तर संकलक उल्लेख संदिग्ध आहे असे कळवितो. त्यावर उपाय एकच, पूर्ण पत्ता लिहावा किंवा हवा तो एकच क्लास नावानिशी आयात करावा.

पॅकेजचे नाव आणि फोल्डरचे नाव जुळले पाहिजे, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. अडचण होते ती आज्ञा कोठे उभे राहून द्यावी याविषयी. समजा, आपल्या चारही फाईलींच्या पहिल्या ओळीत शाळा हे पॅकेज घोषित केले आहे आणि चारही फाईली शाळा या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. विद्यार्थी त्या फोल्डरच्या आत जातो आणि मुख्य या फाईलचे संकलन मागतो. संकलक मुख्य वाचतो. त्यात गुणपत्रकाचा उल्लेख आढळतो. शाळा पॅकेजमधील गुणपत्रक म्हणजे शाळा फोल्डरमधील फाईल, म्हणून तो चालू फोल्डरच्या आत शाळा नावाचा आणखी एक फोल्डर शोधतो. तो नाही. सबब गुणपत्रक सापडत नाही. फाईल अगदी शेजारी आहे, नाव बिनचूक आहे, आणि तरी सापडत नाही!

फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर येऊन, तेथून शाळा फोल्डरातील मुख्य फाईलचा उल्लेख करून आज्ञा दिली की संकलन सुरळीत होते. घरातच उभे राहून तालुका-जिल्ह्यासह पूर्ण पत्ता शोधू लागावे, तसा हा प्रकार आहे. काही विद्यार्थी फोल्डरच्या आत राहूनच सर्व फाईली एकदम संकलनास देतात. त्यामुळे संकलन होते खरे, कारण नावानिशी दिलेल्या फाईली संकलकाला शोधाव्या लागत नाहीत. परंतु प्रोग्रॅम चालविण्याच्या वेळी तीच अडचण पुन्हा पुढे येते. मुख्य क्लास सापडला नाही किंवा लोड झाला नाही, असा संदेश मिळतो. हा संदेश संकलकाचा नसतो, चालविणाऱ्या यंत्रणेचा असतो, एवढे ओळखले तरी शोधाची दिशा निश्चित होते.

बिनपॅकेजच्या क्लासविषयी एक बारीक नियम आहे. ज्या फाईलमध्ये पॅकेजची घोषणाच नाही, तिच्यातील क्लास पॅकेज असलेल्या फाईलमध्ये आयात करता येत नाही. प्रोग्रॅम अर्धा जुन्या पद्धतीने व अर्धा नव्या पद्धतीने लिहिलेला असला की हा दोष उद्भवतो, आणि आयातीची ओळ कशीही फिरवून लिहिली तरी जात नाही. त्या क्लासलाच पॅकेज द्यावे लागते.

दोष एका फाईलमध्ये, तक्रार दुसरीवर

आता एक मासलेवाईक उदाहरण. विद्यार्थी या क्लासमध्ये प्रथम काहीच कन्स्ट्रक्टर लिहिला नव्हता. कन्स्ट्रक्टर म्हणजे नवी वस्तू तयार होताना चालणारी कृती. तो लिहिला नसेल तर जावा स्वतःच एक कोरा कन्स्ट्रक्टर पुरविते. मुख्य या फाईलने त्या आधारावर तीन ठिकाणी नवे विद्यार्थी तयार केले. पुढे विद्यार्थी या फाईलमध्ये नाव व हजेरी-क्रमांक घेणारा कन्स्ट्रक्टर लिहिला. तो बिनचूक आहे. परंतु एक कन्स्ट्रक्टर लिहिला की जावा कोरा कन्स्ट्रक्टर पुरविणे बंद करते. आता मुख्य या फाईलवर तीन तक्रारी येतात, आणि मुख्य ही फाईल तर आठवडाभर कोणी उघडलेलीही नसते.

या तक्रारीचा संदेश मात्र नमुनेदार असतो. काय हवे होते, काय मिळाले आणि नाकारण्याचे कारण काय, अशा तीन गोष्टी त्यात ओळीने दिलेल्या असतात: मजकूर व पूर्णांक हवे होते, काहीच मिळाले नाही, घटकांची संख्या जुळत नाही. हवे आणि मिळाले यांची तुलना केली की कोणत्या फाईलने करार बदलला हे उमगते. मग मुख्य दुरुस्त करावी की विद्यार्थी या क्लासमध्ये कोरा कन्स्ट्रक्टरही लिहावा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवावयाचे. नावाशिवाय विद्यार्थी असू नये असे वाटत असेल, तर मुख्य दुरुस्त करणे रास्त. तक्रार बंद व्हावी एवढ्याचसाठी कोरा कन्स्ट्रक्टर लिहिणे हा सोपा पण वाईट उपाय होय. निनावी विद्यार्थी निकालात शिरण्याची वाट त्याने मोकळी होते.

खाजगी घटकांविषयीही हेच. हा घटक खाजगी आहे, असा संदेश आला की विद्यार्थी खाजगी हा शब्दच पुसून टाकतो. दोष जातो, पण त्याच पॅकेजमधील कोणत्याही फाईलला गुण बदलण्याची मुभा मिळते.

एकाच क्लासच्या दोन प्रती एका फोल्डरमध्ये असणे, हा प्रकार कार्यालयीन कामकाज जाणणाऱ्यांना अपरिचित वाटणार नाही. सावधगिरी म्हणून विद्यार्थी या फाईलची जुनी प्रत शेजारीच दुसऱ्या नावाने ठेवली जाते. सर्व फाईलींचे एकदम संकलन मागितले की ती प्रतही आत ओढली जाते आणि क्लास दोनदा आला अशी तक्रार होते. जुन्या प्रती ठेवाव्यात; परंतु वेगळ्या फोल्डरमध्ये.

जेथे तक्रारच येत नाही

आतापर्यंत वर्णिलेले दोष त्रासदायक असले तरी प्रामाणिक आहेत. ते काम अडवून धरतात. याहून गंभीर प्रकार म्हणजे संकलन निर्वेध होते आणि निकाल चुकतो.

निकष या फाईलमध्ये उत्तीर्णतेची मर्यादा ३५ अशी स्थिरांक म्हणून लिहिली आहे. गुणपत्रक ही फाईल त्या स्थिरांकाशी गुणांची तुलना करते. मर्यादा ३३ करण्याचे ठरले. शिक्षकांनी निकष या फाईलमध्ये आकडा बदलला, त्या एकाच फाईलचे संकलन केले, प्रोग्रॅम चालविला. कोठेही दोष नाही. पण ३४ गुण मिळविणारा विद्यार्थी अजूनही अनुत्तीर्ण दिसतो.

याचे कारण संकलकाच्या एका काटकसरीत आहे. संकलनाच्या वेळीच ज्याचे मूल्य निश्चित आहे असा स्थिरांक दिसला, की संकलक त्याचा नुसता उल्लेख न ठेवता तो आकडाच वापरणाऱ्या फाईलच्या रूपांतरित प्रतीत उतरवून टाकतो. त्यामुळे गुणपत्रकाच्या प्रतीत ३५ हा आकडा पक्का बसलेला असतो. निकष कितीही बदलला तरी गुणपत्रक त्याला विचारावयासही जात नाही. बरे, मुख्य या फाईलचे पुन्हा संकलन केले तरी उपयोग नाही. गुणपत्रकाची मूळ फाईल बदललेली नाही, तिची रूपांतरित प्रत तिच्यापेक्षा नवी आहे, सबब ती ताजी आहे असे संकलक समजतो. हा संकलकातील बिघाड नव्हे. भाषेच्या अधिकृत नियमावलीतच ही वागणूक नमूद आहे.

उपाय अगदी साधा आहे. सर्व रूपांतरित फाईली, म्हणजे क्लास या शेपटाच्या फाईली, पुसून टाकाव्यात आणि सर्व मूळ फाईलींचे नव्याने संकलन करावे. मूळ फाईलींना धक्का लागत नाही, त्यामुळे यात गमावण्यासारखे काही नसते. मात्र पुसताना शेपूट नीट पाहावे. भलतीच फाईल पुसली तर गमावण्यासारखे सर्व काही असते. रूपांतरित फाईली आरंभापासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची सोय संकलकात आहे. डी या अक्षराच्या पर्यायाने तो फोल्डर सांगता येतो. मग तो संपूर्ण फोल्डर निःशंकपणे रिकामा करता येतो. ज्या मूल्यात वरचेवर बदल संभवतो ते स्थिरांक म्हणून उघडे न ठेवता मेथडद्वारा द्यावे, म्हणजे प्रत्येक वेळी ते विचारूनच घेतले जाते.

शिळ्या प्रतींचा आणखी एक उपद्रव आहे. एखाद्या फाईलचे नाव बदलले किंवा ती काढून टाकली, पण तिची रूपांतरित प्रत फोल्डरमध्ये तशीच राहिली, तर इतर फाईलींतील तिचे उल्लेख चुकीचे असूनही संकलन होत राहते. संकलकाला ती प्रत सापडते आणि तेवढ्यावर तो संतुष्ट असतो. मूळ फाईली तेवढ्या परीक्षकांकडे पाठविल्या, की तेथे प्रोग्रॅमचे संकलन होत नाही. विद्यार्थी शपथेवर सांगतो की त्याच्या संगणकावर तो चालत होता, आणि तो खोटे बोलत नसतो. प्रकल्प सादर करण्यापूर्वी मूळ फाईली एका कोऱ्या फोल्डरमध्ये नेऊन तेथे एकदा संकलन करून पाहिल्यास हा प्रसंग येत नाही.

शिकविण्यासाठी तयार केलेल्या ब्लूजे या साधनात प्रत्येक क्लास एका चौकटीने दाखविलेला असतो, कोणता क्लास कोणावर अवलंबून आहे हे बाणांनी दर्शविलेले असते, आणि ज्याचे संकलन व्हावयाचे आहे त्या चौकटीवर तिरप्या रेषा दिसतात. फाईलींचे परस्परसंबंध प्रथमच समजून घेणाऱ्यास हे चित्र फार उपयोगी पडते. मोठ्या कामासाठी मेव्हन, ग्रेडल यांसारखी साधने आहेत. त्यांत जुन्या प्रती पुसून पुन्हा सर्व संकलन करण्याची आज्ञा तयारच असते.

देवनागरी मजकूर

प्रोग्रॅममध्ये मराठी मजकूर लिहिणाऱ्यांना काही वेगळे दोष भेटतात. संकलकाने फाईल कोणत्या सांकेतिक पद्धतीने वाचावी, हे २०२२ पूर्वीच्या आवृत्त्यांत संगणकाच्या व्यवस्थेवर अवलंबून असे. विंडोजवर ती पद्धती बहुधा पश्चिम युरोपीय लिपीची असे. परिणामी मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत किंवा अक्षर ओळखता येत नाही अशी तक्रार येत असे. २०२२ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ ही पद्धती सर्वत्र मूलभूत मानली जाते. जुनी आवृत्ती वापरणाऱ्या प्रयोगशाळांनी एन्कोडिंग या पर्यायाने ही पद्धती आज्ञेतच सांगावी.

फाईलच्या अगदी पहिल्या ओळीवर, जेथे काहीही चूक दिसत नाही, अवैध अक्षर असा संदेश आला तर फाईलच्या आरंभी एक अदृश्य खूण बसलेली असण्याचा संभव असतो. नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या यूटीएफ-८ फाईल साठविताना ही खूण घालीत असत. अवैध अक्षराचाच दोष वळणदार अवतरणचिन्हांमुळेही येतो; पत्रलेखनाच्या सॉफ्टवेअरमधून ओळ उतरवून घेतली की सरळ अवतरणचिन्हे वळणदार होऊन येतात.

क्लासची वा चलांची नावेच देवनागरीत ठेवावयाची असतील तर ऱ्हस्व-दीर्घ कटाक्षाने पाळावे लागतात, हे सांगावयास नको. पण एक बाब शुद्धलेखनानेही सुटत नाही. ऱ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविले जाऊ शकते: एका स्वतंत्र क्रमांकाने, किंवा र आणि त्याखालील नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. जावा ती दोन भिन्न नावे मानते. दोन शिक्षकांनी दोन निरनिराळ्या कळफलकांवर लिहिलेल्या दोन फाईलींत असे नाव आले, तर सापडत नाही अशी तक्रार येईल आणि डोळ्यांनी पाहून तिचे कारण कळणार नाही. एका फाईलमधील नाव उचलून दुसरीत चिकटविणे, हा यावर व्यवहार्य उपाय आहे.

आवृत्तींतील अंतर

घरी जावाची एकविसावी आवृत्ती आणि शाळेत सतरावी, अशी स्थिती असेल तर घरून आणलेली रूपांतरित फाईल शाळेतील संकलक नाकारतो. संदेशात फाईलची आवृत्ती ६५ आहे, ती ६१ हवी होती, असे आकडे येतात. हे आकडे पाहून विद्यार्थी चक्रावतो, कारण ६५ वी जावा कोणीच ऐकलेली नसते. रूपांतरित फाईलींचा क्रमांक जावाच्या क्रमांकाहून ४४ ने अधिक असतो. ६५ मधून ४४ वजा केले की २१ येतात, आणि ६१ मधून वजा केले की १७. अशा वेळी घरून केवळ मूळ फाईली आणून शाळेतच संकलन करणे हे उत्तम. ते शक्य नसेल तर घरच्या संकलकाला रिलीज या पर्यायाने १७ हा अंक सांगावा, म्हणजे तो सतराव्या आवृत्तीला चालेल अशीच प्रत तयार करतो. आणि सतरानंतर भाषेत आलेली एखादी नवी सोय प्रोग्रॅममध्ये वापरलेली असेल, तर तीही घरच्या घरीच दाखवून देतो.